मोटारीचा विमा महागतो, तेव्हा सरकारचे लक्ष कुठे असते?

गेल्या काही महिन्यांत या स्तंभाकडे आलेल्या पत्रांत मोटार विम्याच्या वाढत्या हप्त्यांविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि विमा कंपन्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. पाच वर्षांत एकदाही क्लेम घेतलेला नाही. गाडी जुनी होत चालली, तिची किंमत उतरत चालली, तरी गेल्या वर्षी ८,३९७ रुपये असलेला हप्ता यंदा ११,३४७ रुपये झाला. एजंटला विचारले, तर "सरकारनेच दर वाढवले आहेत" असे उत्तर मिळाले. विमा सक्तीचा करणाऱ्या सरकारचे त्याच्या किमतीवर काही नियंत्रण आहे की नाही? दोन्ही वर्षांच्या नूतनीकरण सूचना सोबत पाठवत आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही दोन्ही कागद पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण एजंटने दिलेले उत्तर खरे नाही, हे त्या कागदांवरूनच दाखवता येते.

मोटारीची नेहमीची सर्वसमावेशक पॉलिसी म्हणजे एकाच कागदावर छापलेले दोन वेगवेगळे विमे असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला मृत्यू, इजा किंवा नुकसान झाले तर त्याची भरपाई. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्ती आहे ती एवढ्याच विम्याची. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी. हा कायद्याने ऐच्छिक आहे. सरकार दर ठरवते ते पहिल्याचे. दुसऱ्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले आहेत. त्यापूर्वी टॅरिफ सल्लागार समितीने ठरवलेले दर सर्व कंपन्यांना बांधील असत. त्या तारखेपासून प्रत्येक कंपनी आपापला दर लावू लागली.

आता तुमचे कागद पाहू. थर्ड पार्टीचा आकडा दोन्ही वर्षी ३,४१६ रुपयेच आहे. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारींसाठी केंद्र सरकारने १ जून २०२२ पासून लागू केलेला दर हाच आहे. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचे ३५० रुपयेही तसेच आहेत. वाढ झाली आहे ती उरलेल्या भागात. ओन डॅमेज २,०५० वरून ३,१५० वर गेले, झिरो डेप, म्हणजे दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापण्याचे कव्हर, १,३०० वरून १,९०० वर गेले, आणि गेल्या वर्षी नसलेली दोन कव्हर यंदा आपसूक जोडली गेली : इंजिन संरक्षणाचे ६५० आणि रस्त्यावरील मदतीचे १५० रुपये. ही एकूण वाढ २,५०० रुपयांची झाली आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५० रुपये. म्हणजे वाढलेल्या २,९५० रुपयांपैकी सरकारने ठरवलेल्या दरामुळे एक रुपयाही वाढलेला नाही.

तुमच्या सूचनेत याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, गेल्या वर्षी ३५ टक्के होता, तो यंदा ४५ टक्के झाला. बोनस वाढला की ओन डॅमेजचा हप्ता उतरायला हवा, असे कोणालाही वाटेल. परंतु गेल्या वर्षीचे २,०५० रुपये हे ३५ टक्के वजा झाल्यानंतरचे आहेत, म्हणजे मूळ रक्कम सुमारे ३,१५४ रुपये होती. यंदाचे ३,१५० रुपये ४५ टक्के वजा झाल्यानंतरचे आहेत, म्हणजे मूळ रक्कम सुमारे ५,७२७ रुपये धरली आहे. बोनसची टक्केवारी ठरलेल्या पायऱ्यांनी, २०, २५, ३५, ४५ आणि ५० अशी चढते. पण ती ज्या रकमेतून वजा होते, ती रक्कम कंपनी ठरवते. जुन्या टॅरिफमधील दर कागदोपत्री आधार म्हणून धरायचा आणि त्यावर कंपनीने आपल्या मर्जीने सूट द्यायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी चालत आली आहे. ती सूट कमी केली की काही न सांगता हप्ता वाढतो आणि ग्राहकाला मात्र वाढलेला बोनस ठळक अक्षरांत दिसतो. तुमच्या बाबतीत आयडीव्ही, म्हणजे गाडीचे विमा उतरवलेले मूल्य, कमी झालेले असतानाही मूळ रक्कम ऐंशी टक्क्यांहून अधिक वाढली आहे. सुट्या भागांच्या किमती वाढल्या, बंपरमध्ये सेन्सर आणि काचेत कॅमेरे आले, पुरात बुडणाऱ्या गाड्यांचे दावे वाढले, ही कंपन्यांची कारणे एकूण बाजारापुरती खोटी नाहीत. पाच वर्षे क्लेम न घेतलेल्या एका हॅचबॅकच्या मालकाला मात्र त्याच्याच वाट्याला एवढी वाढ का आली, हे त्यांतून कळत नाही.

मग या खुल्या भागावर देखरेख कोणाची? भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाची, म्हणजे हैदराबाद येथे मुख्यालय असलेल्या इर्डाईची. दर अवाजवी नसावेत, दावे भागवण्यास अपुरेही नसावेत आणि ग्राहकाग्राहकांत अन्यायकारक भेद करणारे नसावेत, असे प्राधिकरणाचे नियम सांगतात. मात्र २०२२ पासून बहुतेक सर्वसाधारण विमा योजनांना "आधी वापरा, मग दाखल करा" ही मुभा आहे. म्हणजे कंपनी आपल्या अंतर्गत समितीच्या मान्यतेने योजना आणि तिचा दर बाजारात आणते आणि त्याची माहिती प्राधिकरणाकडे नंतर देते. कमिशनचेही तसेच झाले आहे. पूर्वी मोटार विम्याच्या प्रकारानुसार कमिशनला मर्यादा होती; १ एप्रिल २०२३ पासून ती गेली आणि सर्वसाधारण विमा कंपनीचा एकूण व्यवस्थापन खर्च तिच्या हप्त्यांच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा, एवढी एकच चौकट उरली. त्या चौकटीत मोटार विम्यावर किती कमिशन द्यायचे हे कंपनीने ठरवायचे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, दर खुले ठेवण्याचे धोरण चुकीचे नाही, परंतु खुल्या दराबरोबर खुलासा सक्तीचा असायला हवा होता. गेल्या वर्षीची मूळ रक्कम, यंदाची मूळ रक्कम, दिलेली सूट आणि नव्याने जोडलेली कव्हर, या चार ओळी शेजारीशेजारी छापणे प्रत्येक नूतनीकरण सूचनेत बंधनकारक केले, तर तुमच्यासारख्या माणसाला एजंटच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही. प्राधिकरणाच्या हातातली ही गोष्ट आहे आणि ती त्यांनी करावी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

तूर्त तुम्ही काय करावे, तर न मागितलेली दोन्ही कव्हर काढून नवी सूचना मागा. कंपनी बदलली तरी नो क्लेम बोनस जात नाही, तो गाडीच्या मालकाचा असतो. तेव्हा आणखी दोन-तीन कंपन्यांकडून त्याच आयडीव्हीवर दर मागवा. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी आयडीव्हीच खाली आणून दाखवत असेल, तर तो दर स्वस्त समजू नका. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर मिळणारी रक्कम त्या आकड्यावरच ठरते. तुमच्या गाडीचे वर्षाचे चालणे कमी असेल, तर किलोमीटरनुसार हप्ता आकारणाऱ्या कव्हरची चौकशी करा. प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली आहे आणि बऱ्याच कंपन्यांकडे ते आहे. जुन्या पॉलिसीची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठलेला बोनस बुडतो आणि मधल्या काळात गाडी विमा नसताना रस्त्यावर येते. म्हणून हे सगळे मुदतीच्या आत उरका.

प्रश्न : थर्ड पार्टीचा दर सरकार नेमके कशाच्या आधारे ठरवते? आणि सरकारला तो कमी ठेवता येत नाही का? माझ्या गाडीकडून आजवर कोणाला ओरखडाही गेलेला नाही, तरी दर वर्षी हे पैसे भरावेच लागतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी दर कोण ठरवते ते पाहू, कारण याबाबतीत अलीकडे बदल झाला आहे. २०२२ पर्यंत हे दर इर्डाई जाहीर करत असे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, प्राधिकरणाशी विचारविनिमय करून मूळ हप्ता ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आला, आणि रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने मे २०२२ मध्ये पहिल्यांदा आपल्या नियमांद्वारे दर अधिसूचित केले. १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारीला ७,८९७ रुपये. विजेवरच्या मोटारींना १५ टक्के आणि हायब्रीड मोटारींना साडेसात टक्के सवलत ठेवली. असे दर ठरवण्यापूर्वी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि त्यावर कोणाही नागरिकाला हरकती व सूचना पाठवता येतात. वाहतूकदारांच्या संघटना त्या पाठवतात. खासगी मोटारींचे मालक बहुधा पाठवत नाहीत.

वाढ कशी होत गेली, हेही सांगतो. मधल्या गटाचा, म्हणजे १००० ते १५०० सीसीचा दर २०१८-१९ मध्ये २,८६३ रुपये होता, २०१९-२० मध्ये तो ३,२२१ झाला. त्यानंतर करोनाच्या काळात दोन वर्षे दर जागेवर ठेवले आणि २०२२ मध्ये ३,४१६ केले. पुढे २०२३ आणि २०२४ मध्येही ते तसेच राहिले. याच काळात ओन डॅमेजचे दर कसे हलले, हे नाशिकच्या वाचकांच्या पत्रावरून दिसतेच आहे.

आता दर कशाच्या आधारे ठरतात, ते पाहू. मागील वर्षांत कोणत्या प्रकारच्या वाहनांमुळे किती दावे आले आणि त्यांत किती रक्कम द्यावी लागली, याचा हिशेब त्यामागे असतो. थर्ड पार्टी विम्याचे वैशिष्ट्य असे की, मृत्यू किंवा शारीरिक इजेबाबत कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, खासगी मोटारीसाठी साडेसात लाख रुपयांची. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती कंपनीला द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात २००९ साली भरपाई मोजण्याचे गुणक, म्हणजे मृताच्या वार्षिक उत्पन्नाला ज्यांनी गुणायचे ते आकडे, निश्चित केले, आणि प्रणय सेठी प्रकरणात २०१७ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे ठरवले की, मृताचे वय चाळीसच्या आत असेल तर भविष्यातील उत्पन्नवाढ म्हणून, कायम नोकरी असल्यास ५० टक्के आणि स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगार असल्यास ४० टक्के रक्कम उत्पन्नात मिळवावी. या निकालाचा अर्थ व्यवहारात काय होतो, याचा विचार करून पाहा. महामार्गावर मोटारीने उडवलेल्या तिशीतल्या गवंड्याच्या किंवा भाजीविक्रेत्याच्या घरच्यांना पूर्वी फक्त त्याच्या त्या दिवशीच्या कमाईवर भरपाई मिळण्याची शक्यता होती. आता तो पुढे अधिक कमावता झाला असता, हे न्यायालय गृहीत धरते. या कुटुंबांना मिळणारी रक्कम वाढली की आपल्या सर्वांचा हप्ता वाढतो, आणि या कारणासाठी तो वाढत असेल तर त्याला माझी हरकत नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग असा की, सरकारला हा दर कमी ठेवता येत नाही का. येतो, आणि ठेवलाही जातो. मात्र तो दाव्यांच्या खर्चाच्या फार खाली गेला की कंपन्या हा विमा विकताना हात आखडता घेतात, विशेषतः जुन्या व्यावसायिक वाहनांचा, आणि तोटा ओन डॅमेजच्या दरातून भरून काढण्याचा प्रयत्न करतात. दर आटोक्यात राहण्याचा याहून खरा मार्ग, म्हणजे प्रत्येक वाहनाला विमा घ्यायला लावणे, आजवर कोणत्याही सरकारने मनापासून धरलेला नाही. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याशिवाय रस्त्यावर धावतात आणि त्यांत दुचाकींचा वाटा मोठा आहे. विम्याशिवाय वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला चार हजार, अशी तरतूद कायद्यात आहे, परंतु नोंदणी, विमा आणि चलन यांची माहिती सरकारच्याच संगणकांत असताना ती एकमेकांशी जुळवून विमा नसलेली वाहने हुडकण्याचे काम सातत्याने होत नाही. नवीन मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घेणे १ सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक झाले, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. जे भरतात त्यांच्याच हप्त्यांच्या पैशांवर ही व्यवस्था चालते, आणि न भरणाऱ्याच्या गाडीखाली सापडलेला माणूस तिच्या बाहेर राहतो. तुम्ही दर वर्षी भरता ते पैसे वाया गेले असे कृपया समजू नका. तुमच्याकडून कोणाला ओरखडा न जाणे हे तुमचे कौशल्य आणि नशीब दोन्ही आहे, आणि नशिबाची हमी देता येत नाही.

प्रश्न : शोरूममध्ये नवीन गाडी घेताना विमा त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल, बाहेरून घेतल्यास आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस मिळणार नाही, असे सांगितले. त्यांचा आकडा बाहेरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त होता. हे नियमात बसते का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : नाही. वाहन विक्रेत्यांनी विमा विकण्याबाबत इर्डाईने २०१७ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत, आणि ठरावीक कंपनीचा किंवा आपल्याकडचाच विमा घेण्याची सक्ती विक्रेत्याने ग्राहकावर करू नये, हे त्यांत स्पष्ट आहे. कॅशलेस दुरुस्ती, म्हणजे बिल कंपनीने परस्पर वर्कशॉपला देणे, ही तुमची विमा कंपनी आणि ते वर्कशॉप यांच्यातील करारावर अवलंबून असते. विमा कोणाकडून विकत घेतला यावर नाही. तुम्ही निवडलेल्या कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप आहे का, एवढेच आधी पाहा.

नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावीच लागते. १००० ते १५०० सीसीसाठी तिचा एकरकमी दर २०२२ च्या नियमांनुसार १०,६४० रुपये आहे आणि तो सगळीकडे सारखाच असतो. म्हणून दोन कोटेशनांमध्ये दिसणारा फरक हा जवळजवळ पूर्णपणे ओन डॅमेज आणि जोडलेल्या कव्हरांचा असतो. ओन डॅमेजही तीनच वर्षांची घ्या, असा आग्रह कोणी धरला तर तो मानू नका. ती एक वर्षाची घेता येते. कर्जावर गाडी घेतली असेल तर बँक ओन डॅमेजचा आग्रह धरील आणि तो रास्त आहे, पण कंपनी कोणती, हे बँकेने ठरवायचे नाही. वैयक्तिक अपघाताचा पंधरा लाखांचा विमा तुमच्याकडे आधीच असेल, किंवा घरातल्या दुसऱ्या गाडीवर तुमच्या नावे तो घेतलेला असेल, तर तसे लेखी निवेदन देऊन त्याचा हप्ता वाचवता येतो. शोरूममध्ये हे सहसा आपणहून कोणी सांगत नाही.

प्रश्न : विम्यावरचा जीएसटी काढला असे ऐकले होते. माझ्या मोटारीच्या पॉलिसीवर तो अजून का आहे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी काढला गेला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि वैयक्तिक आरोग्यविमा यांवरचा. खासगी मोटारीच्या विम्यावर १८ टक्के कर कायम आहे. मालवाहू वाहनांच्या थर्ड पार्टी विम्यावरचा तेवढा १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. कायद्याने सक्तीच्या केलेल्या आणि तिसऱ्या माणसाच्या संरक्षणासाठी असलेल्या विम्यावर एवढा कर असावा, हे मला पटत नाही. ३,४१६ रुपयांच्या थर्ड पार्टीवर ६१५ रुपये कर बसतो. हप्ता खरोखर कमी करायचा असेल तर सरकारला स्वतःच्या वाट्यापासून सुरुवात करता येईल.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहते. तिकडे विमा कंपनीला दर वाढवण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते, असे ती म्हणते. तरीही तिचा हप्ता वाढलाच. आपल्याकडे तशी पद्धत का नाही, आणि असती तर उपयोग झाला असता का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमची मुलगी म्हणते ते बरोबर आहे. अमेरिकेत विम्याचे नियमन राज्यांकडे असते. कॅलिफोर्नियातील मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये "प्रस्ताव १०३" हा कायदा थेट मतदानाने संमत केला. मोटार विम्याचे दर झपाट्याने वाढल्याने लोक चिडलेले होते आणि कंपन्यांनी विरोधी प्रचारावर मोठा खर्च करूनही हा प्रस्ताव मंजूर झाला. त्यानंतर तेथील विमा आयुक्त राज्यपालांनी नेमण्याऐवजी जनतेने निवडून द्यायची पद्धत आली. कंपनीला नवा दर लावण्याआधी आयुक्तांची मान्यता घ्यावी लागते, आणि वैयक्तिक मोटार विम्यात मागितलेली वाढ ७ टक्क्यांहून अधिक असेल तर ग्राहकांनी वेळेत मागणी केल्यास जाहीर सुनावणी घ्यावी लागते. हप्ता ठरवताना चालकाचा सुरक्षिततेचा इतिहास, वर्षाकाठी गाडी किती चालते आणि वाहन चालवण्याचा अनुभव, या तीन गोष्टींना याच क्रमाने सर्वाधिक वजन द्यावे लागते. इतर अनेक राज्यांत माणसाच्या कर्जफेडीच्या इतिहासावरून मोटार विम्याचा हप्ता ठरतो, कॅलिफोर्नियात ते चालत नाही. सुरक्षित चालकाला किमान २० टक्के सूट द्यावीच लागते.

तरीही तिचा हप्ता वाढला, कारण मान्यता घेणे म्हणजे वाढ कधीच न होणे असे नाही. दुरुस्तीचा आणि दाव्यांचा खर्च वाढल्याचे आकड्यांनिशी दाखवले, तर आयुक्तांना वाढ मान्य करावी लागते. कंपन्यांना वाजवी परतावा नाकारता येत नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून त्या राज्यात दुसऱ्याच्या भरपाईची किमान मर्यादा वाढली. एका जखमी व्यक्तीसाठी १५ हजार डॉलरची ३० हजार, एका अपघातातील सर्वांसाठी ३० हजारांची ६० हजार आणि मालमत्तेसाठी ५ हजारांची १५ हजार डॉलर झाली. किमान संरक्षण घेणाऱ्यांच्या हप्त्यावर त्याचा परिणाम होणे साहजिक होते.

आपल्याकडे ती पद्धत जशीच्या तशी आणावी, असे मी म्हणणार नाही. मान्यता रखडली की कंपन्या नवे ग्राहक घेण्यास टाळाटाळ करतात, आणि हा अनुभव कॅलिफोर्नियालाही आला आहे. मला त्या व्यवस्थेतला हेवा वाटण्याजोगा भाग वेगळा वाटतो : कंपनीने वाढ मागताना दाखल केलेली कागदपत्रे तेथे सामान्य माणसाला पाहायला मिळतात, ग्राहकांच्या वतीने तज्ज्ञ त्यांवर आक्षेप घेऊ शकतात, आणि त्या आक्षेपाने प्रक्रियेला खरोखर हातभार लागला तर त्यांचा खर्चही मिळतो. आपल्याकडे थर्ड पार्टीच्या मसुद्यावर हरकत घेता येते. ओन डॅमेजच्या दरामागचे गणित मात्र कंपनी आणि प्राधिकरण यांच्यातच राहते. ते गणित लोकांसमोर ठेवायला दर बांधून देण्याची गरज नाही.

प्रश्न : हप्ता अवाच्या सवा वाढवला म्हणून तक्रार कोठे करायची? कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र दर वेळी नवा तक्रार क्रमांक देते, पुढे काही होत नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : प्रथम तक्रारीचे स्वरूप निश्चित करा, कारण निकाल त्यावर अवलंबून आहे. "दर फार आहे" एवढ्याच मुद्द्यावर ओन डॅमेजचा हप्ता कमी करण्याचा आदेश कोणतीही यंत्रणा सहसा देणार नाही. दर खुले आहेत आणि तुम्हाला दुसरीकडे जाण्याची मोकळीक आहे. परंतु देय असलेला बोनस न देणे, संमती न घेता कव्हर जोडणे, गाडीचा गट किंवा सीसी चुकीची धरणे, पॉलिसी विकताना एक सांगून कागदावर दुसरे छापणे, या सर्वांवर दाद मागता येते आणि मिळते. म्हणून तक्रारीत नाराजीपेक्षा आकडे लिहा : कोणत्या ओळीत किती रुपये, आणि ते कशामुळे चुकीचे आहेत.

फोनवरच्या तक्रार क्रमांकांचा नाद सोडा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल किंवा पत्र पाठवा. त्याचे नाव आणि पत्ता पॉलिसीच्या कागदांत छापलेला असतो. दोन आठवड्यांत समाधान झाले नाही तर इर्डाईच्या "बीमा भरोसा" या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन करा. प्राधिकरण स्वतः तंट्याचा निवाडा करत नाही, ते तक्रार कंपनीकडे पाठवून तिचा पाठपुरावा करते. मात्र तेथे नोंद झाली की कंपनीतील उत्तर देणारा माणूस बदलतो, असा अनेक वाचकांचा अनुभव आहे.

कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तेथे शुल्क लागत नाही, वकील देता येत नाही आणि त्याची गरजही नाही. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात, आणि पॉलिसीच्या अटींनुसार भरलेल्या किंवा देय हप्त्यासंबंधीचा वादही त्यांच्या अधिकारात येतो. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, ही मुदत विसरू नका. लोकपालांचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, तुम्हाला नसतो; तो पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग तुमच्यासाठी खुला राहतो. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगातही दाव्याला शुल्क नाही, आणि मोटार विम्याचा हप्ता त्या मर्यादेत सहज बसतो. मात्र तोच वाद आधी ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात नेला असेल, तर लोकपाल तो ऐकून घेत नाहीत. तेव्हा आधी लोकपाल आणि मग आयोग, हा क्रम ठेवा. अर्जाबरोबर दोन्ही वर्षांच्या नूतनीकरण सूचना, पॉलिसीची प्रत, कंपनीला पाठवलेले पत्र आणि तिचे उत्तर, एवढे कागद जोडा.